साध्या रूपातलं पान

'नि' हे अक्षर डबीत घालताना वेलांटीसकट उचलायचं. नुसता 'न' उचलला तर वेलांटी एकटी पडते आणि तिच्या शेजारी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटतं.

पोस्टाच्या मागच्या दाराशी एक लोखंडी खांब आहे. त्याचा रंग खांद्याएवढ्या उंचीवर उडालाय, कारण तिथे वाट बघणारं प्रत्येक माणूस त्याला टेकतं.

निवाऱ्यात आलेल्या फोनच्या वहीतले आकडे: पहिल्या महिन्यात एकेचाळीस, दुसऱ्यात सत्तावीस, तिसऱ्यात चौदा. शेजारी पेन्सिलीने: 'कमी झाले, बरं झालं.'

"आधी त्याने पोरीचा हात धरला. माझ्या हातात एवढी जड पिशवी होती, ती नाही धरली."

सात आकडे, सात डब्या. प्रत्येकीला बजावलंय, तू कुठे उभं राहायचंस.

कुठेतरी फोन वाजतो. दोनदा वाजतो, तिसऱ्यांदा वाजत नाही.

काही फोन असे असतात की त्यांच्यावर पानं अंगावर काही न घालताच येतात.

*

गुरुवारी दुपारी साडेबाराला शिंपीण एका खेळण्यांच्या दुकानाच्या नावाला झोके देत होती.

शिंपीण हे तिचं ऑफिसातलं नाव. सुईत दोरा ओवायचा तर ती डोळे बारीक करून चार वेळा चुकायची; पण वेबपेजवरच्या अक्षरांना कपडे घालावेत तर तिनेच. अख्ख्या शब्दाला एक रंग काय, कुणीही देईल. ती शब्द उसवायची. एकेक अक्षर वेगळ्या डबीत ठेवायची. ही डबी डोळ्यांना दिसत नाही, कोडमध्ये असते. पण तिला हुकूम देता येतो. तू तांबडी हो. तू केसभर वर सरक. तू शेजारणीकडे झुक. असे पंधरा-वीस हुकूम झाले की पडद्यावर नुसतं नाव राहत नाही, एक वरात निघते.

तर झोके चालले होते आणि फोन वाजला. ताईचा. सख्खी थोरली बहीण. घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बायकांसाठी निवारा चालवते; त्याचं वेबपान शिंपिणीनेच केलेलं.

"जेवलीस?" ताईने विचारलं.

"नाही अजून. हे विचारायला फोन केलास होय?"

"नाही. आत्ताच्या आत्ता इकडे ये. लॅपटॉप घेऊन ये."

"पान बंद पडलं का?"

"पान चालू आहे. तू ये."

ताई एरवी कुणाच्या जेवणाची चौकशी करणारी नव्हे. वडील गेले तेव्हा फोनवर तिचा पहिला शब्द 'जेवलीस?' हाच होता.

"अहो, आणि ते झोके?" ऑफिसच्या मालकांनी विचारलं.

"झुलताहेत तेवढे झुलू द्या," असं म्हणत ती जिन्यावर पोहोचलीसुद्धा.

*

निवाऱ्याला पाटी नाही. दुमजली घर, बाहेर चार कुंड्या, आत लांबलचक स्वयंपाकघर. टेबलाच्या टोकाला एक बाई निळी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवी खाली ठेवा म्हटलं तरी ठेवत नव्हती. दोन खुर्च्या जोडून त्यांच्यावर तिची पाच वर्षांची मुलगी झोपली होती, बूट घालूनच.

"मी अशी परस्पर आले हे तुमच्या भाऊंना सांगू नका हं," निळी पिशवीवाली म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल. पण मला भीती वाटली हो."

"परत सांगा," ताई म्हणाली. "माझ्या बहिणीला सांगा. कोण भाऊ?"

"फोनवरचे."

ताईने शिंपिणीकडे पाहिलं. "आपल्याकडे फोन बायकाच उचलतात. अकरा वर्षं झाली. इथे पुरुष म्हणून एक गाडीवाले काका, आणि ते फोनला असे घाबरतात की वाजला तर बाथरूममध्ये जाऊन बसतात."

कुणी हसलं नाही. काका दारात उभे होते, तेही नाही.

निळी पिशवीवाली सांगत गेली. तीनदा बोलली होती ती भाऊंशी. फार हळू बोलतात, फार शांत. घरात कोण कोण असतं, नवरा किती वाजता येतो, तुम्ही निघाल्याचं पहिल्यांदा कुणाला कळेल, मुलगी केवढी आहे, अनोळखी माणसाकडे जाते का. सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, मंगळवारी चारला पोस्टाच्या मागच्या दाराशी, खांबाजवळ उभ्या राहा.

"एक माणूस आला. मला नावाने हाक मारली. आणि आधी पोरीचा हात धरला. मला काय वाटलं काय माहीत. मी तिला ओढलं, पोस्टात शिरले, पुढच्या दाराने बाहेर पडले आणि जी पळत सुटले! दोन दिवस एका मैत्रिणीकडे होते. तिनेच हा पत्ता काढून दिला."

"आणि नंबर?" शिंपिणीने विचारलं. "भाऊंचा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"तुमच्याच पानावर आहे की." तिने पिशवीच्या तळातून फोन काढला. काच तीन ठिकाणी तडकलेली. "नवरा महिन्याला चिमूटभर डेटा टाकून देतो. म्हणून मी डेटा वाचवायचं बटण लावून ठेवते. चित्रं येत नाहीत, रंग येत नाहीत, पण वाचता येतं."

शिंपिणीने फोन हातात घेतला.

पानाच्या माथ्यावर 'तुम्ही एकट्या नाही' अशी ओळ होती. तीन महिन्यांपूर्वी या ओळीसाठी तिने अख्खा दिवस घालवला होता. प्रत्येक अक्षर पुढच्या अक्षराकडे जरासं कललेलं, खांद्याला खांदा लागेल न लागेल इतकंच. ताईने ती पाहिली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. या फोनवर ती ओळ अशी होती:

तु

म्ही



ए

क

ट्या

ना

ही

आणि खाली नंबर. तेच सात आकडे. निवाऱ्याचा नंबर पाचने सुरू होत होता. हा आठने सुरू होत होता.

फोन तिने टेबलावर ठेवला तेव्हा काचेवर बोटांचे ओले ठसे उमटले होते.

आकडे तिनेच उलटसुलट केले होते. इंटरनेटवर यंत्रं फिरत असतात, पानांवरचे नंबर वेचतात आणि विकतात. तेव्हा ताई वैतागली होती. "दर दुसरा फोन खिडक्यांना जाळी बसवायची का विचारतो! तेवढ्यात एखादी खरी बाई लाइन लागत नाही म्हणून ठेवून देत असेल." म्हणून शिंपिणीने शक्कल लढवली. कोडमध्ये आकडे भलत्याच क्रमाने लिहिले, प्रत्येकाला डबी दिली आणि रंगरूपाच्या वेगळ्या, स्टाईलच्या फाईलमध्ये हुकूम दिला: पडद्यावर मात्र बरोबर जागी उभे राहा. यंत्राला सापडेल चुकीचा नंबर, माणसाला दिसेल बरोबर. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

फक्त, ज्या फोनवर स्टाईल पोचतच नाही, त्या फोनवर हुकूमही पोचत नाही.

साध्या रूपात: आकडे जसे लिहिले होते तसे दिसले.

"मग ती दुसरी पण तुमच्याकडे येणार नव्हती का?" निळी पिशवीवाली म्हणाली.

"दुसरी कोण?"

"भाऊ म्हणाले होते ना. मी घाबरले होते म्हणून धीर द्यायला. म्हणाले, अहो, तुम्हीच काय त्या एकट्या नाही. गुरुवारी आणखी एक येतेय, तिच्याबरोबर लहान मुलगा आहे, तिलाही तिथेच बोलावलंय, चारलाच."

आज कोणता वार ते कुणालाच विचारावं लागलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

*

ताईने पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, मध्येच कुणाला तरी 'साखर कमी' असं सांगितलं आणि मग म्हणाला, "बाई, स्वतःच्या फोनवर आलेला फोन उचलणं हा गुन्हा नाही."

"तो आमचं नाव सांगतो!"

"मंगळवारच्या बाईंना त्याने काही केलं का?"

"त्या पळाल्या म्हणून नाही केलं."

"म्हणजे नाही केलं. लेखी द्या. चारच्या सुमाराला गाडी त्या बाजूला गेली तर एक फेरी मारायला सांगतो."

"गेली तर," ताई फोन ठेवून म्हणाली.

तोवर शिंपिणीने नंबर दुरुस्त केला होता. दीड मिनिट लागलं. नंबरच्या वर तिने एक ओळ टाकली: 'आठने सुरू होणारा नंबर आमचा नाही. त्या माणसाला भेटू नका.' मग ती त्या ओळीकडे बघत बसली. जी बाई आधीच त्याच्याशी बोललीय, वेळ ठरवून बसलीय, ती आता पान कशाला उघडेल?

"फोन करून दम देऊ त्याला," काका दारातून म्हणाले. "पळून जाईल."

"पळेल," ताई म्हणाली, "पण त्या बाईचा नंबर त्याच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. दुसरी जागा सांगेल तिला. निदान पोस्ट तरी आपल्याला माहीत आहे."

"मी लावते," शिंपीण म्हणाली. "काही बोलणार नाही. फक्त ऐकते. या बाईंचा आकडा लावताना चुकला असेल. दुसराच कुणी असेल."

ही आशा होती, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ती कळत होती. तिने स्वतःच्याच फोनवरून नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

दोनदा वाजला.

"निवारा," पुरुषाचा आवाज म्हणाला. "घाबरू नका. इथून कुणी तुम्हाला परत पाठवणार नाही."

पानावरचं वाक्य. तिनेच लिहिलेलं, आणि त्यातल्या 'परत' या शब्दाची तीन अक्षरं तिने जराशी जाड केली होती. तो बोलताना नेमका त्या शब्दावर थोडा थांबला.

मग तिकडून हलकंसं हसू.

"अरे! तुम्ही का?"

ताईची मान झटक्यात वळली.

"तुमचा मिस्ड कॉल आहे माझ्याकडे. तीन महिने झाले. मी उलटा फोन केला होता, तुम्ही उचलला नाही. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांचे सुरू झाले. मी पुष्कळदा विचार करायचो, ती पहिली कोण असेल. यायचंय का तुम्हाला? या की. पण आज नको. आज मला काम आहे."

शिंपिणीने फोन बंद केला.

"तू त्याला फोन केला होतास," ताई म्हणाली.

"तपासायला. आकडे उलटसुलट केल्यावर तो नंबर कुणाचा आहे का, ते बघायला."

"आणि?"

"वाजला. कुणी उचलला नाही."

"वाजला."

"मला वाटलं, कुणाचातरी जुना फोन कपाटात पडला असेल..."

"वाजला, आणि तू तो तसाच ठेवलास."

"ताई, जेवायची सुट्टी झाली होती. सगळे खाली थांबले होते. म्हटलं, उद्या बदलू."

ताईने कपाळावर हात मारला नाही, आवाज चढवला नाही. ती उठली, खुर्चीवर झोपलेल्या मुलीच्या पायांतले बूट तिने एकेक करून काढले आणि टेबलाखाली जोडीने ठेवले. "गाडी काढा काका," ती म्हणाली.

साध्या रूपात: तिला माहीत होतं की तो नंबर वाजतो.

*

दोन तासांच्या रस्त्यात ताई गाडीत एकदाच बोलली.

"तिला सांगायचं काय? आम्ही खऱ्या? तोही तेच सांगतो. आपल्याच शब्दांत सांगतो."

शिंपिणीने लॅपटॉप पोटाशी धरला होता, जसा काही सोडला तर तो गार पडेल.

काकांनी गाडी मागच्या गल्लीत, भिंतीला चिकटवून उभी केली. दोघी चालत निघाल्या. चारला वीस मिनिटं कमी होती.

पोस्टाचं मागचं दार म्हणजे तीन पायऱ्या, पार्सलं आणायची एक चाकांची ढकलगाडी आणि तो खांब. एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. लावून झालं तरी ओढून बघत होता. एक जण पार्सलावर पत्ता लिहीत होता, पेन चालत नव्हतं म्हणून झटकत होता. वरच्या मजल्यावर एका खिडकीत कुणीतरी कोपर टेकून उभं होतं. तिघांकडेही फोन होते. जगातल्या प्रत्येक माणसाकडे फोन असतो हे शिंपिणीला तोवर कधी भीतिदायक वाटलं नव्हतं.

आणि खांबाला टेकून एक बाई. अंगावर दोन कपडे एकावर एक, उकाड्यात. चार वर्षांचा मुलगा तिच्या मागे लपून, तिच्या ओढणीचं टोक चघळत होता.

ताई हळू पुढे गेली. "भाऊंची वाट बघताय का?"

बाईने मुलाला आणखी मागे सारलं. "कोण तुम्ही?"

"मी निवारा चालवते. ते भाऊ आमचे नाहीत. तुम्हाला जो नंबर दिसला तो आमच्या चुकीमुळे दिसला. तुम्ही आमच्याबरोबर..."

"माझ्या सासूने पाठवलंय तुम्हाला?"

"नाही हो. हे बघा कार्ड."

"कार्ड काय, कुणीही छापतं." तिचा आवाज चिरकला. "भाऊ म्हणाले होते, मध्ये कुणी भेटलं तर बोलायचं नाही. बायकासुद्धा असतील म्हणाले."

पेनवाल्या माणसाने मान वर केली आणि परत खाली घातली.

शिंपीण तिथेच पायरीवर बसली. मांडीवर लॅपटॉप उघडला, फोनवरून इंटरनेट जोडलं. पासवर्ड पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "आमच्यावर विश्वास ठेवूच नका. तुमच्या फोनवर ते पान आहे ना, नंबर घेतलात ते? उघडा. आणि मला कुठलाही एक शब्द सांगा. तुमच्या मनातला. मी तो आत्ता त्या पानावर लिहिते. ज्याचं पान आहे त्यालाच ते जमेल. भाऊंना नाही जमणार."

बाईच्या मागून बारीक आवाज आला.

"बेडूक."

"बेडूक चालेल?" शिंपिणीने विचारलं.

शिंपिणीने सवयीने तीन डब्या केल्या, 'बे', 'डू', 'क' आत ठेवले आणि पान चढवलं. "आता पान परत आणा. ते गोल बाणाचं चिन्ह दाबा."

बाईने दाबलं. एक बारीक वर्तुळ फिरायला लागलं. फिरलं, फिरलं.

मग तिच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव: भाऊ. वर्तुळ जागच्या जागी थांबलं.

"या फोनवर घंटा वाजायला लागली की नेट थांबतं," बाई जणू स्वतःशीच म्हणाली.

"कट करा," शिंपीण म्हणाली.

बाईने कट केला नाही. तिघी वाजत्या फोनकडे बघत राहिल्या, जसं काही ते एखादं जनावर आहे आणि हललं तर चावेल. घंटा थांबली. वर्तुळ फिरायला लागलं आणि पुन्हा घंटा. पुन्हा थांबली. मग एक मेसेज आला. बाईने तो मोठ्याने वाचला, लहान मुलं धडा वाचतात तसा, एकेक शब्द सुटा:

"त्या दोघींशी बोलू नका. सासरच्या आहेत. लॅपटॉपवाली तुमचा फोटो काढतेय."

तो बघत होता. या क्षणी, कुठूनतरी, तिच्या मांडीवरचा लॅपटॉप त्याला दिसत होता. सायकलवाला अजून कुलपाशी होता. खिडकीतलं कोपर गेलं होतं. समोरच्या गल्लीत एका गाडीची काच अर्धी खाली होती.

बाईने मुलाला उचलून कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे गेली. तिसरं पाऊल रस्त्यावर पडणार होतं.

पान जड होतं, हे शिंपिणीला कळत होतं. एका अक्षराला एक डबी, डबीला नाव, नावाला हुकूम. तीन अक्षरांच्या शब्दामागे तीन ओळींचा पसारा. ती तीन महिने त्यावर रंगरंगोटी करत आली होती. ते सगळं या बाईच्या फोनच्या गळ्यात ओढून आणायला वेळ लागत होता, आणि वेळ नव्हता. तिने सगळं निवडलं. कललेली ओळ, जाड केलेलं 'परत', नंबरच्या डब्या, सगळं. आणि पुसलं. रिकाम्या पानावर एक शब्द टाईप केला, खाली खरा नंबर, सलग, आणि चढवलं.

"आता. एकदाच बघा. नाही दिसलं तर जा तुम्ही, आम्ही मागे येणार नाही."

फोन पुन्हा वाजायला लागला.

तेव्हा ताईने एक गोष्ट केली. ती मागे सरली. चार पावलं, पाच, पार भिंतीपर्यंत; आणि तिथे जमिनीवर फतकल मारून बसली, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. "तुम्ही पोस्टाच्या आत जा," ती तिथून म्हणाली. "आत माणसं आहेत, रांग आहे. रांगेत उभ्या राहून बघा. आम्ही इथेच बसतो. तुम्ही बोलावलंत तरच येऊ."

बाई तिच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वर्षांत तिच्यापासून कुणी असं आपणहून लांब सरलं नसावं. फोन वाजत होता. कडेवरच्या मुलाने हात लांब केला आणि तो बंद करायला बघू लागला. चुकीच्या जागी दाबत होता. तिने त्याचं बोट धरलं, बाजूला केलं आणि स्वतःच्या अंगठ्याने कट केला.

वर्तुळ फिरलं. पान आलं.

बेडूक

काळी, सरळ, साधी अक्षरं. ना उंच ना कललेली.

"हे तुम्ही लिहिलं?" तिने विचारलं.

"मी लिहिलं."

"मग भाऊ कोण?"

ताई भिंतीला हात टेकून उठली. गुडघा कटकन वाजला. "चला," ती म्हणाली. मुलाला घ्यायला तिने हात पुढे केला नाही. बाईच्या पायाशी पडलेली पिशवी तेवढी उचलली.

गल्ली पन्नास पावलांची होती. शिंपीण मागे वळून बघायचं नाही असं ठरवून चालत होती आणि प्रत्येक पावलाला मागे बघत होती. सायकलवाला सायकलवर बसून निघाला, दुसऱ्या दिशेने. पेनवाल्याने पोस्टाचं दार एका म्हाताऱ्या बाईसाठी धरून ठेवलं आणि ती आत गेल्यावरही धरूनच उभा राहिला. अर्ध्या काचेची गाडी जागेवरच होती. आत कुणी आहे की नाही ते उन्हामुळे दिसत नव्हतं. पोलिसांची गाडी त्या बाजूला आली नाही.

काकांनी दार आतून लावून घेतलं, दोनदा तपासलं आणि गाडी काढली. मुलगा खिडकीला नाक लावून बसला. त्याची आई रडत नव्हती. अंगावरच्या दोन कपड्यांपैकी वरचा तिने काढला आणि घडी घालायला लागली, परत मोडली, परत घातली.

दुसऱ्या चौकात शिंपिणीचा फोन थरथरला. तिने उचलला नाही. सात आकडे होते, आठने सुरू होणारे. थरथर थांबली आणि मग मेसेज आला.

'बेडूक छान आहे.'

ताईने तो वाचला. शिंपिणीच्या हातातून फोन काढून घेतला, पालथा करून मांडीवर ठेवला आणि त्यावर तळवा दाबून बसली. फोन पुन्हा थरथरला तेव्हा तिचा हातही थरथरला; पण तिने तो काढला नाही.

नंतर शिंपिणीने पानाच्या जुन्या नोंदी काढल्या: तीन महिन्यांपूर्वी पान पहिल्यांदा चढवल्यानंतर नवव्या दिवशी एका फोनवरून ते साध्या रूपात अकरा वेळा उघडलं गेलं होतं, सकाळी सातपासून दुपारी पावणेचारपर्यंत, आणि त्या फोनवरून ते पुन्हा कधीच उघडलं गेलं नाही.